तळे देते, खड्डा घेतो

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरातून कडप्पा हद्दपार झाला आणि त्याच्या जागी ग्रॅनाइट विराजमान झाला. नव्या सदनिकेचा ताबा घेताना गृहिणी प्रथम ओट्यावरून हात फिरवून पाहते. गुळगुळीत, झळझळीत, ठिपक्याठिपक्यांचा तो दगड तेलाचा डाग धरत नाही, हळदीने पिवळा पडत नाही आणि पाणी तर मुळीच शोषत नाही, अशी त्याची ख्याती. ओट्यावरचे पाणी तो शोषत नाही हे खरेच आहे. मात्र ज्या माळावरून तो काढला गेला, त्या माळाखालच्या विहिरींतील पाण्याचे काय झाले, हा प्रश्न ओट्यापर्यंत कधी पोहोचत नाही.

तो पोहोचला पाहिजे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग काळ्या बेसॉल्टचा. ग्रॅनाइट सापडतो तो राज्याच्या कडेकडेने : सिंधुदुर्गात, पूर्व विदर्भात आणि मराठवाड्यातील नांदेड जिल्ह्यात. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या देगलूर, बिलोली, मुखेड या तालुक्यांत आणि तिकडे किनवटच्या बाजूला काळ्या दगडाची सत्ता संपते आणि ग्रॅनाइट व त्याचा भाऊबंद पट्टिताश्म उघडे पडतात. याच पट्ट्यात दगडाला गिऱ्हाईक आहे आणि याच पट्ट्यात माणसाला पाणी नाही. शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ही घटना मराठवाडा विसरलेला नाही. अशा प्रदेशात खाणीचा प्रस्ताव येतो तेव्हा ग्रामसभेत उठणारा पहिला प्रश्न रोजगाराचा नसतो, धुळीचाही नसतो. तो असतो, ‘आमच्या विहिरीचे काय?’

आणि या प्रश्नाचे उत्तर छापील असते. कातळात पाणी नसतेच. आम्ही भूजलपातळीच्या वरच थांबू. तुमचा तालुका शासनाच्या यादीत सुरक्षित आहे. आणि खाण संपली की गावाला आयते तळे मिळेल. या चार आश्वासनांवर परवान्याचा डोलारा उभा राहतो. ही चारही वाक्ये अर्धसत्य आहेत. संपूर्ण असत्य खोडून काढणे सोपे असते, अर्धसत्याने मात्र गावाचा घात होतो. म्हणून त्यांचा समाचार एकेक करूनच घेतला पाहिजे.

कातळ कोरडा असतो काय?

ग्रॅनाइट हा घट्ट, अछिद्र खडक आहे, त्यात पाणी राहत नाही, हे पहिले आश्वासन. हातात मावेल एवढ्या तुकड्याबद्दल ते अगदी खरे आहे. पण गाव हातातल्या तुकड्यावर वसत नाही. ऊन, पाऊस आणि युगानुयुगांचा काळ यांनी या कातळाचा वरचा भाग कुजवून त्याचा मुरूम केला आहे. त्या मुरमाखाली फुटलेला, चिरफळलेला खडक आहे आणि त्याच्याही खाली अभंग कातळात मैलोगणती धावणाऱ्या भेगा आहेत. पावसाचे पाणी मातीतून मुरमात उतरते, तेथे साठते आणि भेगांच्या वाटेने विहिरीच्या पोटात पाझरते. विहीर खणणारा जुना बेलदार हे जाणत होता. झरा लागला की तो हात थांबवी, कारण तो झरा म्हणजेच विहीर, बाकी सगळे नुसते बांधकाम.

हा साठा केवढा असतो? केंद्रीय भूजल अंदाज समितीने १९९७ साली घालून दिलेल्या मानकांप्रमाणे कुजलेल्या, चिकणमाती कमी असलेल्या ग्रॅनाइटमधून शंभर भागांत सुमारे तीन भाग पाणी काढता येते. वालुकामय गाळाच्या प्रदेशात हेच प्रमाण सोळा धरले जाते. या दोन आकड्यांचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचा तर असा : एक हेक्टर क्षेत्राखालची पाण्याची पातळी एक मीटरने उतरली, तर ग्रॅनाइटमधून अवघे तीन लाख लिटर पाणी निघते, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर. तेवढेच पाणी गंगेच्या वाळूतून उपसले तर पातळी वीतभरही खाली जाणार नाही. जिथे रांजण भरलेला आहे तिथे तांब्याभर पाणी सांडले तर कळत नाही. जिथे मुळात तांब्याच आहे, तिथे ओंजळीचाही हिशेब ठेवावा लागतो. कातळात पाणी कमी असते हे खाणवाल्यांचे म्हणणे मान्यच आहे. पण त्यावरून ‘म्हणून काळजी नको’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘म्हणूनच काळजी दुप्पट हवी’ असा निघतो.

आता खाण प्रथम काय करते ते पाहावे. ती वरचे माती-मुरमाचे आवरण काढून फेकते, कारण तिला हवा असतो खालचा अभंग दगड. खाणवाल्याच्या लेखी जो कचरा, तोच गावाच्या लेखी पाण्याचा रांजण. त्याच मानकांनुसार कुजलेल्या ग्रॅनाइटवर पडलेल्या पावसापैकी सुमारे ११ टक्के पाणी जमिनीत मुरते, तर अभंग, कमी भेगांच्या कातळावर जेमतेम १ टक्का. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका हेक्टरावर ९० लाख लिटर पाणी पडते. मुरूम शाबूत असता त्यातले सुमारे दहा लाख लिटर जमिनीत गेले असते. उघड्या कातळातून जाईल नव्वद हजार. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्येक माळाचा वेगळा निघेल. पण कोणत्या दिशेने तराजू झुकतो, हे सांगायला तो पुरेसा आहे.

याहून मोठा प्रश्न खोलीचा. विहीर चाळीस फुटांची आणि खाण शंभर फुटांची असेल, तर खाणीचा तळ विहिरीच्या तळापेक्षा साठ फूट खाली जातो. पाणी उताराकडे धावते, त्याला सातबारा वाचता येत नाही. विहिरीला पाणी देणारी भेग खाणीच्या भिंतीत उघडी पडली, की त्या भेगेचे पाणी आधी खाणीत येणार. खाणीत पाणी साचले तर यंत्र चालत नाही, म्हणून पंप लावून ते नाल्यात सोडले जाणार. ज्याच्या तळातून पाणी झिरपते आणि पंपाने उपसले जाते, त्या खड्ड्याला मराठीत विहीर म्हणतात. खाण ही पाण्याच्या दृष्टीने गावातील सर्वांत रुंद आणि सर्वांत खोल विहीर असते. फरक एवढाच की तिचे पाणी कोणी पीत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ओट्यासाठी अखंड ठोकळे काढणाऱ्या खाणीत सुरुंगांचा वापर बेताचा असतो, कारण सुरुंगाने ठोकळाच तडकतो. तेथे हिऱ्याच्या दाण्यांची तारकरवत चालते. खडी काढणाऱ्या खाणीत मात्र सुरुंगावाचून चालत नाही. तेव्हा प्रस्तावात ‘ग्रॅनाइट’ एवढाच शब्द पुरेसा नाही. ठोकळा की खडी, हे गावाने पहिल्याच दिवशी विचारले पाहिजे. कारण ठोकळ्यांचा परवाना, त्यातून उरलेल्या दगडाचे ढीग आणि मग त्या ढिगांसाठी क्रशर, असा हा प्रवास ठोकळ्यावरून खडीपर्यंत सहज जाऊ शकतो.

पातळी कोणत्या महिन्याची?

‘भूजलपातळीच्या वरच थांबू’ हे दुसरे आश्वासन ऐकायला सर्वांत शास्त्रीय. पण पातळी ही काही मैलाच्या दगडासारखी एका जागी रोवलेली वस्तू नव्हे. मे महिन्यात ती तळाला गेलेली असते, पाऊस संपता संपता ती वर आलेली असते. ग्रॅनाइटच्या मुलखात या दोहोंत कित्येक मीटरांचे अंतर पडते. मे महिन्यातील पातळी मोजून ‘खाणीचा तळ तिच्या वर आहे’ असे लिहिले, तर कागद खरा आणि परिणाम खोटा. कारण ऑक्टोबरात पाणी वर चढते तेव्हा तोच तळ पाण्याखाली असतो. मुरमात साठलेले जे पाणी हळूहळू पाझरत मेपर्यंत पुरायचे, ते दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत खाणीतून वाहून जाते. उन्हाळ्यात विहीर कोरडी पडते आणि अहवाल म्हणतो, खाण पातळीला शिवलीच नाही!

म्हणून या आश्वासनाला एकच प्रतिप्रश्न आहे : पातळी कोणत्या महिन्याची, कोणत्या विहिरीतली आणि कोणी मोजलेली? एका दिवशी, दोन विहिरींत आणि खाणवाल्याच्याच पैशाने मोजलेली पातळी म्हणजे पुरावा नव्हे. त्याला फार तर सोय म्हणता येईल.

सरासरीच्या आड दडलेली विहीर

तिसरे आश्वासन शासनाच्या यादीचे. भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर तो घटक सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि त्यापुढे अतिशोषित, अशी वर्गवारी केली जाते. ती उपयुक्त आहे आणि तिच्यामागे गंभीर काम आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची विभागणी दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली, हजारो निरीक्षण विहिरी ठरवल्या आणि वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजण्याची शिस्त घालून दिली. देशात हेवा वाटावा असे हे काम आहे.

पण या कामाचा उपयोग ज्या प्रश्नासाठी केला जातो, तो प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता. राज्याचे क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. दीड हजारांनी भागले तर एक पाणलोट सरासरी दोनशे चौरस किलोमीटरांचा. पाच हेक्टरांची खाण म्हणजे त्याचा चार हजारावा भाग. पाणलोटाच्या सरासरीत ती दिसणारच नाही, तशीच तिच्यामुळे आटलेली विहीरही दिसणार नाही. नदीची सरासरी खोली चार फूट आहे एवढे ऐकून पोहायला न येणाऱ्या माणसाने पात्रात उतरू नये, हे शहाणपण शाळकरी पोराला असते. सल्लागारांच्या अहवालात ते का नसावे? तालुका सुरक्षित आहे म्हणून माळाखालची विहीर सुरक्षित आहे, असे म्हणणे म्हणजे जिल्ह्याची प्रकृती उत्तम म्हणून अमुक एका रुग्णाला औषध नको, असे म्हणणे.

तळे आणि खड्डा

चौथे आश्वासन सर्वांत लोभस : खाण संपली की तळे. नांदेड जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगावे, हा तर धारिष्ट्याचा कळस आहे. कारण तळे म्हणजे काय हे त्याला हजार वर्षांपासून ठाऊक आहे. याच जिल्ह्यातील कंधार हे राष्ट्रकूटांच्या काळातले वैभवशाली नगर. तेथील तलावाचे नाव जगत्तुंग समुद्र. ‘जगत्तुंग’ हे राष्ट्रकूट सम्राटाचे बिरुद. सम्राटाने आपले बिरुद एखाद्या महालाला न देता तलावाला द्यावे, यात या भूमीची पाण्याविषयीची धारणा दिसते. मराठवाड्यातली गावोगावची बारव, देवळापुढची पुष्करणी, वेशीबाहेरचा पाझर तलाव हे सगळे त्याच धारणेचे वंशज.

तळे कसे बांधतात? वाहते पाणी जिथे अडते अशी जागा पाहून, उताराला बांध घालून, तळाशी गाळाची गादी राहू देऊन. वरून आलेले पाणी ते अडवते आणि खालच्या विहिरींना मुरवून देते. खाणीचा खड्डा याच्या नेमका उलट. तो जागा पाहतो दगडाची. पाण्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याच्या भिंती उभ्या कातळाच्या, त्यामुळे गुरे उतरू शकत नाहीत, माणूस घसरला तर वर येत नाही. आणि त्यात दिसणारे निळेशार पाणी आकाशातून पडलेले असते तसेच भोवतालच्या मुरमातून आणि भेगांतून ओढलेलेही असते. जमिनीच्या पोटात जे झाकलेले होते, ते उघड्यावर येऊन वैशाखाच्या उन्हात वाफ होऊन जाते. तळे देते, खड्डा घेतो. दोन्हींत पाणी दिसते म्हणून दोन्ही एकच, असे मानणारा माणूस एक तर शहरात वाढलेला असावा किंवा त्याचे खाणीत भागभांडवल असावे.

विहीर आटल्यावर काय उरते?

‘आटली विहीर तर बोअर घेऊ, खर्च आम्ही देऊ,’ असे उदार उद्गारही कधी कधी निघतात. येथे प्रश्न पैशाचा राहत नाही, हाडांचा होतो. ग्रॅनाइटातील काही खनिजांत फ्लोराइड असते. पाणी जितके खोल आणि खडकाच्या सहवासात जितके अधिक काळ, तितके फ्लोराइड त्यात उतरण्याचा संभव अधिक. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आणि दुसरा पर्यायच नसेल तर दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरवली आहे. ती ओलांडणारे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांचे दात चट्ट्यांनी विद्रूप होतात, मोठ्यांचे सांधे आखडतात, पाठी वाकतात आणि वाकलेली पाठ पुन्हा सरळ होत नाही.

हे भय काल्पनिक नाही. सीमेपलीकडच्या तेलंगणात, ग्रॅनाइटच्याच प्रदेशात, नळगोंडा जिल्ह्याने या रोगाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली. पाण्यातील फ्लोराइड काढण्याची चुना-तुरटीची जी पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने विकसित केली, तिला ‘नळगोंडा पद्धत’ हेच नाव पडले. एखाद्या जिल्ह्याचे नाव असे व्याधीवरच्या उपायाला चिकटावे, याहून बोलका पुरावा कोणता? नांदेडमधील किनवटचा भागही या व्याधीपासून मुक्त नाही. उथळ विहिरीचे पाणी गोड होते. ती आटली म्हणून दोनशे-तीनशे फुटांच्या बोअरचे पाणी घरात आले. ही भरपाई नव्हे. गावाच्या हाती दुसरेच संकट दिले गेले.

पुराव्याचे ओझे कोणाच्या शिरावर?

आता या प्रकरणातील सर्वांत मोठ्या अन्यायाकडे यावे. विहीर आटल्यावर शेतकरी तक्रार घेऊन जातो, तेव्हा त्याला विचारले जाते : खाणीमुळेच आटली कशावरून? पाऊस कमी झाला असेल. शेजाऱ्याने बोअर घेतली असेल. गावात ऊस वाढला असेल. आणि यात तथ्यही असू शकते. मराठवाड्याने बेसुमार कूपनलिका घेतल्या आणि तहानलेल्या जमिनीत ऊस लावला, हे पाप खाणवाल्याचे नव्हे. पण नेमके म्हणूनच, खाणीपूर्वी विहिरीत किती पाणी होते याची नोंद असल्याखेरीज कोणाच्या पदरी किती दोष घालायचा हे ठरूच शकत नाही. ती नोंद नसते. ती नसल्याचा लाभ एकालाच होतो, आणि तो शेतकरी नसतो.

वास्तविक न्यायाचे तत्त्व याच्या उलट आहे. सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोर येथील चर्मोद्योगांच्या खटल्यात १९९६ सालीच सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले आणि आपली कृती पर्यावरणाला निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार उद्योजकावर ठेवला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१० च्या अधिनियमाने हेच तत्त्व लावण्याची आज्ञा केली आहे. म्हणजे तत्त्व दिल्लीत आहे. तलाठ्याच्या चावडीपर्यंत येता येता ते वाटेत कुठे तरी सांडते.

कायद्यातली दुसरी विसंगती तर विनोदी म्हणावी अशी. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी कायदा केला. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणू नये, असा त्याचा दंडक होता. पुढे २००९ च्या भूजल अधिनियमाने त्याची जागा घेतली. विचार एकच : गावाची तहान आधी, शेत नंतर. दहा-पंधरा हात रुंदीच्या विहिरीने गावाचा झरा तुटेल अशी भीती ज्या राज्याला वाटली, त्याच राज्यात कित्येक एकरांच्या खड्ड्याकडे मात्र ‘गौण खनिज’ म्हणून पाहिले जाते. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी खाणीतून उपसलेले पाणी हाही भूजलाचा उपसाच असल्याचे मान्य करून त्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्राची अट घातली आहे. पण अट कागदावर आणि पंप नाल्यावर, अशी स्थिती राहिली तर उपयोग काय?

आणि सुनावणी? पाच हेक्टरांच्या आतील गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला दीपक कुमार खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगावे लागले. त्यानंतरच्या २०१६ च्या अधिसूचनेने मंजुरी ठेवली, पण पाच हेक्टरांपर्यंतच्या एकेकट्या खाणीला जनसुनावणीतून मोकळे सोडले. परिणाम व्हायचा तोच होणार : अर्ज पाच हेक्टरांच्या आतलाच येणार. आज एक, दोन वर्षांनी शेजारी दुसरा. ५०० मीटरांच्या आत अनेक खाणी असतील तर त्यांचा समूह धरून विचार करावा, ही तरतूद आहे. पण ती लागू होते आहे हे पाहायचे कोणी? गावाला बातमी लागते ती पोकलेन माळावर चढल्यावर.

या सर्वांच्या मुळाशी एक जुने, परके तत्त्व बसले आहे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात, ज्याला कोर्टात सगळे ‘इझमेंट अॅक्ट’ म्हणतात, जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीत जमिनीखालचे पाणी हवे तसे काढण्याचा हक्क मानला आहे. ज्या इंग्लंडात पावसाची ददात नव्हती, तिथला हा विचार अवर्षणग्रस्त दख्खनवर लादला गेला. ज्या समाजाने पाणपोई घालणे पुण्य मानले, विहीर बांधून ती वाटसरूंना खुली केली, त्याने पाण्याकडे कधी केवळ खासगी मालमत्ता म्हणून पाहिले नव्हते. नैसर्गिक साधनसंपत्ती ही राज्याकडे जनतेची ठेव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात १९९६ च्या डिसेंबरात सांगितले. केरळ उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने प्लाचिमाडाच्या शीतपेय कारखान्याच्या खटल्यात २००३ साली तेच भूजलालाही लावले. २००५ साली खंडपीठाने तो निर्णय फिरवला. म्हणजे प्रश्न अजून झुलतोच आहे. तो झुलत असताना शासनाने कोणाच्या बाजूने उभे राहावे, याविषयी शंका असू नये. गौण खनिजाचे स्वामित्वधन शासन घेते. मग गावच्या पाण्याचे विश्वस्तपण कोणी घ्यायचे?

विरोध कशाला, आग्रह कशाचा?

खाणी नकोतच, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. देवळाचा गाभारा, धरणाची भिंत, घराचा ओटा, सगळ्यांना दगड लागतो. शहरात ग्रॅनाइटच्या फरशीवर बसून गावाला ‘खाण रोखा’ म्हणणे हा दांभिकपणा आहे, आणि प्रत्येक प्रकल्पापुढे आडवे पडण्याचा धंदा करणाऱ्या मंडळींशी गावाने आपले नाते जोडू नये. पण दूध काढणे आणि गाय कापणे यांत फरक आहे. दोहन आणि शोषण यांतला हा फरक ओळखण्यापुरता आग्रह धरलाच पाहिजे.

आग्रह चारच गोष्टींचा असावा. पहिली, पट्टा देण्याआधी किमान एक किलोमीटर परिघातील प्रत्येक विहीर, आड आणि बोअर यांची पातळी एक संपूर्ण वर्ष, चारही वेळा मोजली जावी. मोजणी भूजल यंत्रणेने करावी, खर्च अर्जदाराने शासनाकडे भरावा आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. दुसरी, खाणीचा अंतिम तळ आणि विहिरींचे तळ एकाच मोजमापाने, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत, एकाच नकाशावर दाखवावेत. म्हणजे कोण कोणाच्या खाली जातो हे पाचवीच्या मुलालाही दिसेल. तिसरी, खाणीत झरा लागताच काम थांबावे, उपसलेल्या पाण्याला मीटर असावा आणि ते पाणी नाल्यात न जाता गावाच्या पाझर तलावात जावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, नुकसानभरपाईची रक्कम आधीच बँकेत असावी. मोजलेली पातळी पावसाच्या मानाने अवाजवी घसरली तर दोष खाणीचा असे गृहीत धरले जावे आणि तसे नसल्याचे खाणवाल्याने सिद्ध करावे. ज्याला आपल्या आश्वासनांवर विश्वास आहे, त्याला ही अट जड का वाटावी? आणि जड वाटत असेल, तर गावाने त्याच्या आश्वासनांवर विश्वास का ठेवावा?

यात नवीन कायद्याची वाट पाहण्याजोगे फारसे नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीने पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींच्या कक्षेत दिला आहे. २००५ च्या माहिती अधिकाराने खाणीचा आराखडा दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद गावसभेत मांडून पिके ठरवली, ती कोणा परदेशी तज्ज्ञाला विचारून नव्हे. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी जलजीवन मिशनची घोषणा झाली. घरोघर नळ आला, ही समाधानाचीच गोष्ट. पण नळ घरात असला तरी अनेक गावांत त्याचे मूळ विहिरीत आहे. एका हाताने जनतेच्या पैशातून पाणी जमिनीत मुरवायचे आणि दुसऱ्या हाताने ते उपसून देणाऱ्या पट्ट्यावर सही करायची, हा व्यवहार कोणत्याही पक्षाचे शासन असले तरी क्षम्य नाही.

आणि शासनाच्या आधी गावाने जागे व्हावे. प्रस्ताव आल्यावर घोषणा देण्यापेक्षा प्रस्ताव येण्याआधी मोजणे अधिक परिणामकारक असते. त्यासाठी लागते एक मोजपट्टी, एक दोरी, एक वही आणि महिन्यातून एक सकाळ काढणारे चार तरुण. गावातला शिक्षक, सुट्टीत घरी आलेला महाविद्यालयीन विद्यार्थी, सेवाभावी कार्यकर्ता, कोणीही हे करू शकतो. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला विहिरीच्या काठावर उभे राहून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, तारखेसह लिहावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, पावसाळ्यात पर्जन्यमापकाचा आकडा शेजारी टिपावा. दोन वर्षांची अशी वही ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल, तर ‘खाणीमुळेच कशावरून?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला त्या वहीचे उत्तर द्यावे लागेल.

शहरातील वाचकानेही यातून अंग काढून घेऊ नये. नव्या घरासाठी दगड निवडताना रंग, चमक आणि चौरस फुटाचा भाव एवढेच विचारण्याची रीत आहे. हा दगड कोणत्या खाणीतला, तिला मंजुरी आहे काय, एवढे दोन प्रश्न दुकानदाराला आणखी विचारले तर त्याला आज उत्तर देता येणार नाही. पण शंभर गिऱ्हाइकांनी विचारले तर उद्या तो उत्तर शोधील.

दगड कोट्यवधी वर्षांचा आहे. तो आणखी एक वर्ष माळावर पडून राहिला तर नासणार नाही. त्या एका वर्षात चारदा विहिरी मोजून होतील. एवढाही धीर ज्याला धरवत नाही, त्याला माळावर पाय ठेवू देऊ नये.